चोर होस्टवर, फाशी गेस्टला : व्हीएमच्या नेटवर्कशी माझी पहिली दोन वर्षं

बीएससी कॉम्प्युटर करून सोलापूरहून पुण्यात आलो आणि लिनक्सचा क्लास लावला. पहिल्याच आठवड्यात सरांनी पेनड्राइव्हवर एक तयार व्हीएमचं (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) फोल्डर दिलं, म्हणाले घरी जाऊन व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) ॲड करा आणि उद्या येताना त्यात वेबसर्व्हर टाकून आणा. रूमवर आलो, कॉपी केलं, ॲड केलं, स्टार्ट दाबलं, तर समोर एक डबा आला, मशीन सुरू करता येत नाही, अमुक फिजिकल नेटवर्क इंटरफेस सापडला नाही. मी वाचलं ते फक्त "सुरू करता येत नाही" एवढंच. मग काय, व्हर्च्युअलबॉक्स काढलं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परत डाउनलोड केलं, दिवसाचा डेटा संपवला, बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचं बटण बघून आलो (ते चालूच होतं), रात्रीचे दोन वाजले, रूममेट म्हणाला भावा लाइट बंद कर आता.

सकाळी सरांनी दहा सेकंदात केलं. सेटिंगमध्ये नेटवर्क, तिथे ब्रिज्ड अडॅप्टर (व्हीएमला खऱ्या कार्डातून थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा पर्याय) आणि त्याच्याखाली सरांच्या पीसीच्या लॅन कार्डाचं नाव. माझ्या लॅपटॉपमध्ये ते कार्डच नाही! व्हर्च्युअलबॉक्स ब्रिजसाठी होस्टच्या (व्हीएम ज्याच्यावर चालते त्या खऱ्या कॉम्प्युटरच्या) कार्डाचं नाव व्हीएमच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवतं, मशीन दुसऱ्याच्या लॅपटॉपवर नेली की ते नाव तिथे शोधतं आणि नाही सापडलं की चालूच करत नाही. नॅट केलं (म्हणजे व्हीएमला होस्टच्याच जोडणीतून नेट देणारा पर्याय), मशीन उठली. आणि गंमत म्हणजे त्या डब्यात कार्डाचं नाव चक्क छापलेलं होतं, पण वाचतो कोण.

या एका फजितीतून मला जे कळलं त्याच्यावरच आजवर माझी नोकरी चाललीय असं म्हणायला हरकत नाही. नेटवर्कमुळे व्हीएमचे दोन वेगवेगळे आजार असतात. एक म्हणजे मशीन सुरूच होत नाही, आणि दुसरा, मशीन सुरू होते पण आतून नेट नाही. पहिल्या आजारात गेस्टच्या (म्हणजे व्हीएमच्या आतल्या ओएसच्या) आत काहीही शोधायला जाऊ नका, तो बिचारा अजून जागाच झालेला नाही, त्याच्या आतली आयपीची फाइल चुकली काय नि बरोबर असली काय काही फरक पडत नाही. तिथे चोर होस्टवर किंवा व्हीएमच्या सेटिंगमध्ये असतो. नवीन पोरं (मीसुद्धा) नेमकं उलटं करतात, गेस्टची ओएस नव्याने टाकतात, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर होस्ट-ओन्ली अडॅप्टरचं (फक्त होस्ट आणि व्हीएम यांच्यातलं खासगी नेटवर्क) दुखणं एकदा तरी भोगाल. व्हीएम सुरू करताना एरर येते, इंटरनल नेटवर्क उघडता किंवा बनवता आलं नाही, आणि शेवटी कॅपिटल अक्षरांत इंटनेट, एफएलटी, आयएफ, नॉट फाउंड असं काहीतरी. मला हे विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर आलं. कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क कनेक्शनमध्ये जायचं, व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्ली अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे व्हर्च्युअलबॉक्स ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर नावाची ओळ दिसेल तिची टिक आहे का बघायची. नसेल तर मारायची, अडॅप्टर डिसेबल करून परत इनेबल करायचा. तरी नाही झालं तर व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क मॅनेजरमधून तो अडॅप्टर उडवून नवीन बनवायचा, पण नवीन बनवल्यावर कधीकधी नावापुढे हॅश दोन लागतं आणि व्हीएम जुन्याच नावाला चिकटून बसते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन नाव परत निवडायला विसरू नका. लिनक्स किंवा ॲपलच्या मॅक होस्टवर वेगळंच, तिथे ६.१.२८ व्हर्जनपासून होस्ट-ओन्लीसाठी १९२.१६८.५६.०/२१ एवढीच रेंज मोकळी ठेवलीय, बाहेरची द्यायची तर इटीसीमधल्या व्हीबॉक्स फोल्डरात नेटवर्क्स कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात ती रेंज लिहावी लागते. जुनी ट्युटोरियलं बघून १९२.१६८.३३ वगैरे टाकलं की अडकायला होतं ते यामुळे.

अजून एक, नॅट मोडमध्ये दोन व्हीएम चालू केल्या आणि दोघींचा आयपी १०.०.२.१५ दिसला की घाबरू नका. डुप्लिकेट आयपी झाला म्हणून मी एक आख्खी संध्याकाळ वाया घालवलीय. साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीनला आपापला स्वतंत्र राउटर मिळतो, गेटवे (बाहेर जायचा दरवाजा) १०.०.२.२ आणि डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) १०.०.२.३, त्यामुळे दोघींना एकमेकी दिसतच नाहीत आणि होस्टवरूनही सरळ आत जाता येत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं, होस्टचा २२२२ आतल्या २२ कडे वळवा आणि मग लॉगिन करा. दोघींनी आपसात बोलायला हवं असेल तर नॅट नेटवर्क नावाचा वेगळा पर्याय आहे, नावं सारखी ठेवून लोकांना छळायची काय हौस असते कळत नाही. मी लॅबसाठी कायम दोन अडॅप्टर देतो, पहिला नॅट म्हणजे नेटसाठी आणि दुसरा होस्ट-ओन्ली म्हणजे लॅपटॉपवरून आत शिरायला. पीजीच्या वायफायवर ब्रिजच्या नादी लागूच नका. वायफायचा ॲक्सेस पॉइंट जोडलेल्या लॅपटॉपचा एकच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) ओळखतो, त्याच्यामागून दुसऱ्या मॅकची पाकिटं (डेटाचे तुकडे) आली की टाकून देतो, व्हर्च्युअलबॉक्स मॅक बदलून काहीतरी जुगाड करतं पण ते चाललं तर चाललं.

मग नोकरी लागली, छोटी कंपनी, आणि तिथे व्हर्च्युअलबॉक्स नाही तर केव्हीएम (लिनक्सची स्वतःची व्हीएम चालवायची सोय). घाबरलो होतो पण केव्हीएम काही नवीन नाही, लिनक्स कर्नलमध्ये २००७ पासून आहे, वरून ते सांभाळायला लिबव्हर्ट आणि त्याची व्हर्श नावाची कमांड. तिसऱ्या महिन्यात रात्री होस्टला पॅचिंग (सिस्टिमचे अपडेट) झालं, रीबूट केला, आणि एकही व्हीएम उठेना. एरर आली, नेटवर्क डिफॉल्ट इज नॉट ॲक्टिव्ह. यावेळी मी पूर्ण वाचली. व्हर्श नेट-लिस्ट आणि पुढे डॅश डॅश ऑल लिहून बघितलं (ऑल नाही लिहिलं तर बंद पडलेलं नेटवर्क यादीत दिसतच नाही, मग माणूस म्हणतो अरे नेटवर्कच उडालं), तर डिफॉल्ट नेटवर्क इनॲक्टिव्ह आणि ऑटोस्टार्टपुढे नो. कोणीतरी कधीतरी हाताने चालू करून ठेवलेलं. नेट-स्टार्ट डिफॉल्ट, मग नेट-ऑटोस्टार्ट डिफॉल्ट, दोन कमांडी, काम झालं. यादीच रिकामी दिसली तर आपण आपल्या साध्या युजरच्या सेशनला जोडलोय का सिस्टिमला ते बघा, व्हर्श दोन्हीकडे जाऊ शकतं आणि सेशनमध्ये डिफॉल्ट नेटवर्क नसतं.

नेट-स्टार्टच नाही म्हणालं तर कारण सहसा दोनातलं एक. लिबव्हर्टचं डिफॉल्ट नेटवर्क म्हणजे व्हर्ब्रिज शून्य नावाचा ब्रिज, १९२.१६८.१२२.१ हा त्याचा आयपी, आणि डीएचसीपी (मशीनना आयपी वाटणारी सेवा) आणि डीएनएसला डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम. होस्टवर कोणी दुसरा डीएनएस सर्व्हर सगळ्या इंटरफेसवर ५३ पोर्ट अडवून बसला असेल तर "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" येतं, त्या दुसऱ्या सर्व्हरला त्याच्यापुरत्या इंटरफेसवर बांधून टाका. आणि व्हीएमच्या आत केव्हीएम टाकून शिकत असाल तर आतल्या होस्टचा स्वतःचाच आयपी १९२.१६८.१२२ मधला असू शकतो, मग आतलं डिफॉल्ट नेटवर्क म्हणतं ही रेंज तर वापरात आहे. नेट-एडिट करून १२२ चं १३० करा, रेंजच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यातही बदलायचं लक्षात ठेवा, तिथेच विसरतात.

आता माझा खरा गाढवपणा. एकदा एकाच व्हीएमला नेट नीट मिळत नव्हतं, बाकी अकरा मजेत चालू. मला वाटलं नेटवर्क एकदा रीस्टार्ट करू, नेट-डिस्ट्रॉय मारलं (नावाला घाबरू नका, त्याने फक्त बंद होतं, पुसतं ते अनडिफाइन) आणि लगेच नेट-स्टार्ट. त्या एका मशीनचं राहू दे, अकराच्या अकरा गेल्या! प्रत्येक चालू व्हीएमची एक आभासी वायर होस्टवर असते, व्हीनेट शून्य, व्हीनेट एक अशी, ती ब्रिजला खोचलेली असते. ब्रिज मोडला की वायरी लोंबकळतात आणि नवीन ब्रिज आला तरी आपणहून खोचल्या जात नाहीत. मी घाबरून एकेका व्हीएमच्या कन्सोलवर जाऊन रीबूट मारत सुटलो, तरी नाही, कारण आतून रीबूट केला तरी होस्टवरचं प्रोसेस आणि वायर तीच राहते. लीड सर फोनवर म्हणाले, "अरे, पूर्ण शटडाउन करून परत स्टार्ट कर, नाहीतर वायर हाताने खोच." आयपी लिंक सेट, वायरीचं नाव, मास्टर, ब्रिजचं नाव, अशी ती कमांड. अकरा वेळा मारली, मशीन एकही बंद करावी लागली नाही. सरांनी नंतर एका शब्दाने विचारलं नाही, पण पुढचे सहा महिने प्रॉडक्शनवर नेट-डिस्ट्रॉय म्हटलं की माझ्याकडे बघून हसायचे.

आणि त्या मूळ एका मशीनचं काय होतं? ती क्लोन (दुसऱ्या व्हीएमची हुबेहूब कॉपी) होती. क्लोनचा मॅक नवीन होता, ते मी तपासलं होतं, तरी मूळ मशीन आणि क्लोन दोघींना एकच आयपी मिळत होता आणि लॉगिन कधी हिच्यात कधी तिच्यात. उबुंटूमध्ये नेटप्लॅन (नेटवर्क सेटिंगचं साधन) सिस्टिमडीच्या नेटवर्कडीकडून आयपी मागतो तेव्हा ओळख म्हणून मॅक न देता मशीन-आयडीवरून बनवलेला आकडा देतो, आणि मशीन-आयडी ही इटीसीमधली फाइल क्लोनबरोबर जशीच्या तशी आली. डीएचसीपीला वाटलं एकच माणूस दोनदा आला. टेम्प्लेट बनवतानाच ती फाइल रिकामी करून ठेवा, डिलीट नका करू, रिकामी असली की बूट होताना नवीन बनते. किंवा नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक असं लिहा. जुन्या ऑफिसात सेंटओएस ६ (एक जुनं लिनक्स) भेटलं तर तिथे वेगळी कथा, क्लोनमध्ये ईथ शून्य (पहिल्या कार्डाचं नाव) सापडत नाही म्हणतं आणि कार्ड ईथ एक होऊन बसतं, यूडेव्हच्या रूल्समधली पर्सिस्टंट-नेट नावाची फाइल उडवून रीबूट. सेंटओएस ७ ला मिनिमल टाकलं की ऑनबूट नो असतं, मशीन उठते पण कार्ड झोपलेलं.

मशीन उठली पण नेट नाही, या दुसऱ्या आजारात माझी सवय अशी की खालून वर जायचं. आयपी ए मारून पत्ता आहे का बघा, नो-कॅरिअर दिसलं तर आभासी केबलच काढलेली असेल, व्हर्च्युअलबॉक्समध्ये केबल कनेक्टेड नावाची टिक असते. पत्ता नाही किंवा विंडोज गेस्टमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा आहे म्हणजे डीएचसीपीने उत्तर दिलं नाही. तेव्हा होस्टवर ब्रिजवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावून पोर्ट ६७ आणि ६८ बघत बसा. गेस्टची हाक येतेय आणि ऑफर जात नाही तर डीएनएसमास्क किंवा फायरवॉल, हाकच येत नाही तर वायर. पत्ता आहे, गेटवेला पिंग जातं, ८.८.८.८ ला जातं, पण नावाने जात नाही म्हणजे डीएनएस. घरून काम करताना ऑफिसचं व्हीपीएन लावलं की नॅटमधल्या गेस्टचं डीएनएस हमखास रुसतं, व्हर्च्युअलबॉक्सला नॅटसाठी होस्टचा रिझॉल्व्हर वापर असं सांगता येतं.

होस्टपर्यंत पिंग जातं पण बाहेर नाही, आणि काल तर चालत होतं, असं असेल तर होस्टवर काल कोणी डॉकर (कंटेनर, म्हणजे बंदिस्त ॲप्स चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं का ते विचारा. डॉकर १.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) फॉरवर्ड साखळीची पॉलिसी ड्रॉप करून टाकतं, आणि ब्रिजवरची पाकिटंही आयपीटेबल्समधून जात असतील तर तुमच्या ब्रिजवरच्या व्हीएम बिनबोभाट गप्प होतात. डॉकर-यूजर नावाच्या साखळीत आपल्या ब्रिजला परवानगी द्यायची. आमच्याकडे डेव्हलपरने "मी फक्त एक कंटेनर चालवला" म्हणून सांगितलं होतं, खरंच बोलत होता तो.

घरी सराव करायला आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, ग्राफिक नसलेल्या दोन उबुंटू सर्व्हर उठवा, स्नॅपशॉट घ्या आणि मुद्दाम मोडा, आज डिफॉल्ट नेटवर्क बंद, उद्या क्लोनचा मशीन-आयडी तसाच, परवा केबलची टिक काढून मित्राला बसवा. मला नंतरच्या इंटरव्ह्यूत विचारलं, व्हीएमला नेट नाही, काय कराल. मी म्हटलं, सर आधी सांगा, व्हीएम सुरू होतेय का. ते हसले आणि म्हणाले, नाही होत, एररचा स्क्रीनशॉट देऊ का?