भेगेतल्या पिंपळाचा दिवा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बंद कारखान्याच्या भिंतीजवळ थांबून बघा. पत्रा गंजलेला, गिलावा सुटलेला, आणि भेगेतून पिंपळ वर आलेला. तो कुणी लावलेला नसतो. पाखरं फळं खातात, विष्ठेतून बी भेगेत पडतं. हा टेबलावरचा दिवा त्यावरूनच सुचला.

आधी पानं, कारण वेळ त्यांनाच लागतो. पिंपळाची पंधरा-वीस निबर पानं घ्या, कोवळी फाटतात. झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवा आणि दर आठवड्याला पाणी बदला. वास येतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. गर बुळबुळीत झाला की जुन्या टूथब्रशने हलकेच थोपटून काढा. घासलंत तर शिरांची जाळी गेली. मग रद्दीत दाबून वाळवा.

दरम्यान भंगारवाल्याकडून अर्धा इंची, फूटभर गंजका पाइप आणा. जुना रंग असलेला नको, त्यात शिसं असू शकतं. तोंडाला मास्क बांधून तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडा आणि पारदर्शक लॅकरचे दोन हात द्या. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर वायर सोलली जाईल.

बैठकीसाठी श्रीखंडाचा मोठा डबा, आतून तेल लावून. 1 भाग सिमेंट, 3 भाग वाळू. मधोमध पाइप उभा करा. त्याच्या तळातून डब्याच्या बाजूला निघणारी प्लास्टिकची नळी बसवा, वायर तिथून जाईल. सांध्याला चिकटपट्टी हवीच. भेगेसाठी पुठ्ठ्याची वेडीवाकडी फाडलेली पट्टी कडेला खोचा आणि दुसऱ्या दिवशी उपसा. मी पहिल्यांदा छिन्नीने भेग पाडायला गेलो आणि ठोकळ्याचे दोन तुकडे झाले. साचा काढल्यावर सात दिवस ओल्या गोणपाटात ठेवा.

पाइप लोखंडाचा, म्हणून तीन तारांची वायर, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगची तार स्क्रूने पाइपाला. इथे काटकसर नको. इलेक्ट्रिशियनला दाखवूनच चालू करा. 5 वॅटचा, 2700 केल्विनचा म्हणजे पिवळसर उजेडाचा एलईडी पुरेसा.

शेडसाठी जाड तारेच्या दोन कड्यांभोवती बटर पेपर गुंडाळा, त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने पानं चिकटवा. बल्बपासून चार इंच अंतर असू द्या. एक पान खालच्या कडेला देठावर मोकळं लोंबू द्या. दिवा लावा आणि त्या पानाची सावली भेगेवर पडेपर्यंत शेड फिरवत राहा.