जुन्या गाडीत अँप्लिफायर? आधी अर्थिंग बघा

फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या डिकीत सबवूफर (खर्जाचा स्पीकर) बसवताना सगळं लक्ष खोक्यावर जातं. खरी गोम असते अर्थच्या, म्हणजे अँप्लिफायर गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या वायरीत. गोव्याच्या खाऱ्या हवेत रंगाखाली गंज धरलेला असतोच. अँप्लिफायरपासून हातभर अंतरात जागा निवडा, पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडा, वायरीच्या टोकाची गोल कडी (रिंग टर्मिनल) बोल्टने आवळा, वरून ग्रीस फासा. नाहीतर इंजिनाची पिपाणी स्पीकरमधून ऐकत बसाल. भोक पाडण्याआधी खाली पेट्रोलची टाकी नाही ना, हे वाकून बघा! बॅटरीहून येणाऱ्या वायरीला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. गाडी डायनामोवरची (बॅटरी चार्ज करणारं जुन्या धर्तीचं यंत्र) असेल तर पणजीच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या-उभ्या चार्जिंग जवळजवळ होत नाही. तिथे कमी वीज खाणारा छोटा क्लास-डी अँप्लिफायरच बरा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं असतं, त्यामुळे मल्टिमीटर लावल्याशिवाय काहीच जोडू नका.