बाजारातून आणलेल्या तलंगा थेट खुराड्यात सोडू नका

नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, वरून तरतरीत दिसल्या तरी आधी ३-४ आठवडे वेगळ्या, लांबच्या जागी ठेवा. दाणापाण्याची भांडी वेगळी. आधी जुन्या कोंबड्यांचं काम उरका, मग नव्यांकडे जा. हात आणि चपला धुतल्याशिवाय परत फिरू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली का, हे विकणाऱ्याला विचारा, पण त्याच्या शब्दावर विसंबू नका, पशुवैद्यकाला दाखवाच.

उलटा धोकाही असतो. जुन्या कोंबड्या रक्ती हगवणीचे जंतू अंगात बाळगून ठणठणीत फिरतात, कोवळ्या पिल्लांना मात्र ती झपाट्याने लोळवते. म्हणून खुराड्यात अंथरलेलं तूस कोरडं ठेवा. पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात बसलं, विष्ठेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी औषध. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना नको. त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात.