म्हशीचं अंडं शोधताना

एम.एस्सी. झूऑलॉजीला युग्मकनिर्मितीच्या (अंडं आणि शुक्राणू कसे तयार होतात त्याच्या) प्रश्नात मला १० पैकी ९ मार्क होते. सहा महिन्यांनी म्हशींच्या भ्रूणांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागले. पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोपखालची डिश बघून म्हणाले, "मॅडम, यात काहीच नाहीये." सात अंडपेशी होत्या.

तेव्हा या कामाला येणार असाल तर आधी नजर बसू द्या, त्याला दोनेक आठवडे जातात. अंडपेशी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते आणि आजूबाजूला रक्त, पेशींचा कचरा, सगळंच गोलगोल दिसतं.

अंडाशय कत्तलखान्यातून येतात, कोमट सलाईनच्या थर्मासमध्ये. वास येतो, पहिल्या दिवशी जेवण जात नाही. त्यांच्यावर मोहरीपासून वाटाण्यापर्यंतचे फोड असतात, २ ते ८ मि.मी.चे; अंडी यांच्यातल्या द्रवात असतात. त्यात सुई घालून द्रव ओढायचा, पण सावकाश. मी घाईत सिरिंज जोरात ओढली आणि अंड्यांभोवतीच्या क्युम्युलस पेशी निघून आल्या. अशी सोललेली अंडी पुढे नीट पिकत नाहीत. गायीपेक्षा म्हशीच्या अंडाशयातून मुळातच कमी अंडी मिळतात, त्यामुळे बोलणी भरपूर खाल्ली.

निवडलेली अंडी ३८.५ अंशांना २४ तास इन्क्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी क्युम्युलस लाहीसारखा फुललेला असतो. तो बाजूला केला की अंड्याच्या कडेला एक इवलासा ठिपका दिसतो: पहिली पोलर बॉडी. मुऱ्हा म्हशीचे ५० क्रोमोसोम निम्मे होताना बाहेर टाकलेला वाटा! पारडी आईच्या पोटात असल्यापासून अडलेलं विभाजन इथे एकदाचं पुढे सरकतं आणि मेटाफेज-२ ला, म्हणजे दुसऱ्या विभाजनाच्या मधल्या टप्प्यावर, पुन्हा अडतं. शुक्राणू आत शिरल्याशिवाय दुसरं विभाजन पुरं होतच नाही. माझ्या ९ मार्कांच्या उत्तरात मात्र "अर्धसूत्री विभाजन संपते, नंतर फलन होते" असं होतं. तपासणाऱ्यांनाही ते खटकलं नव्हतं.

रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याची स्ट्रॉ (बारीक नळी) ३७ अंशांच्या पाण्यात वितळवली की शुक्राणू पळायला लागतात, पण पळतात म्हणजे लगेच फलन करतात असं नाही. मादीच्या शरीरात काही काळ राहिल्यावरच त्यांना ती क्षमता येते, हे चँग आणि ऑस्टिन यांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. डिशमध्ये ते काम आम्ही हेपॅरिन या रसायनाकडून करून घेतो आणि शुक्राणू अंड्यांसोबत ठेवतो.

माणसाचं अंडं पारदर्शक, १६-१८ तासांनी त्यात दोन प्रोन्यूक्लियस (अंड्याचं आणि शुक्राणूचं केंद्रक) दिसतात, म्हणजे फलन झालं. म्हशीचं चरबीने काळपट, रंग दिल्याशिवाय आतलं कळत नाही. मग ४८ तास थांबून पेशी विभागल्या का ते बघायचं. पुढे माणसांच्या आयव्हीएफकडे जायचं असेल तर २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याची पात्रता आधी वाचा. महिनाभराच्या सर्टिफिकेटला मी बरेच पैसे घातले. तिथे पिपेट हातात मिळाली दोनदा.

आणि हो, अत्तर, परफ्यूम लावून लॅबमध्ये यायचं नाही, हवेतली ती रसायनं भ्रूणांना सोसत नाहीत. मी हळदीकुंकवाहून मोगऱ्याचा गजरा माळून आले होते. दारातूनच परत पाठवलं.

माझी पहिली बॅच सगळी वाया गेली. चौथ्या बॅचला ४८ तासांनी डिश उघडली. बारापैकी तिघांत चार-चार पेशी होत्या, आणि त्या मला कुणी न दाखवता दिसल्या.