अंगणात लॉन नको, मर्यादवेल लावा

गोव्यात पाऊस कमी नाही, वर्षाला साधारण ३००० मिमी पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढे मेपर्यंत अंगण नुसतं तापतं आणि लॉन जगवायला लोक टँकर मागवतात, मला ते बघवत नाही. किनारपट्टीला घर असेल, माती रेताड असेल तर सरळ मर्यादवेल लावा. मोरजी-मांद्र्याला वाळूच्या टेकड्यांवर गुलाबी-जांभळ्या फुलांची वेल पसरलेली असते ना, तीच, पान शेळीच्या खुरासारखं मधोमध चिरलेलं.

पण त्या टेकड्यांवरून तोडून आणू नका प्लीज, तिथली वाळू तिनेच धरून ठेवलीय. समुद्राजवळच्या माडांच्या बागेत, कुंपणाच्या कडेला बऱ्याचदा असते, मालकाला विचारून घ्या.

फूटभर तुकडा घ्यायचा, तीन-चार पेरं असलेला, आणि पेरांना आधीच पांढरी मुळं डोकावत असतील तर अजून बेस्ट. कापल्यावर दुधासारखा चीक येतो, तो सुकेपर्यंत सावलीत ठेवा. मग तुकडा उभा खुपसायचा नाही, आडवा निजवायचा, निदान दोन पेरं दोन-तीन इंच मातीखाली आणि शेंड्याकडची पानं वर, कारण मुळं पेरातूनच फुटतात आणि वेल पुढे जाईल तशी जमिनीला टेकलेल्या नव्या पेरालाही फुटत जातात. दोन तुकड्यांमध्ये दोन फूट अंतर पुरे.

जूनमध्ये पाऊस नीट सुरू झाला की लावा, म्हणजे पावसाळाभर मुळं खोल जातात. मध्येच पावसाने दडी मारली तर एक दिवसाआड पाणी द्या. पहिल्या उन्हाळ्यात पानं मलूल दिसली तरच घाला, नंतर रेताड जमिनीत तेवढंही लागत नाही.

जांभ्याची चिकट माती असेल तर वाफा अर्धा फूट उंच करून नदीची वाळू मिसळा, पाणी तुंबलं की पेरं कुजतात. किनाऱ्यावरची वाळू उचलणं बेकायदेशीर आहे, ती नकोच. शेणखतही नको, नुसती पानं माजतात. ऊन मात्र भरपूर हवं, आंब्याखाली लावून उपयोग नाही.

बी मिळालं तर टणक असतं, सँडपेपरवर थोडं घासून रात्रभर भिजवा.

एकदा धरली की सुसाट धावते हां, अबोलीच्या वाफ्यावरही चढेल, म्हणून पावसात शेंडे छाटत राहा आणि छाटलेले तुकडे शेजारच्यांना द्या.