एकच पॅच, दोन जमाने

सिंथचा (विजेवर सूर घडवणाऱ्या सिंथेसायझरचा) आवाज जुना वाटावा म्हणून जुनं यंत्रच हवं असं नाही. त्याच सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारख्या, करकरीत लहरी) १९८२च्या वाटतात की आजच्या, हे फिल्टर (आवाजातला काही भाग कापणारा), एन्व्हलप (आवाज काळानुसार कसा चढतो-उतरतो ते) आणि सुरातली किंचित डगमग ठरवते. खालचे आकडे सुरुवातीपुरते आहेत. व्हायटल किंवा सर्ज एक्सटी या मोफत सॉफ्टवेअर सिंथमध्ये ते लावता येतात.

कोरा पॅच (सिंथची जुळवणी) उघडा. दोन्ही ऑसिलेटरवर (लहर तयार करणाऱ्या भागांवर) सॉ लावा आणि दुसरा ७ सेंट चढवा. १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन. फिल्टर लो-पास (वरचे स्वर कापणारा), २४ डेसिबलचा. कटऑफ (जिथून कापणं सुरू होतं) ८०० हर्ट्झ, रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) १५ टक्के. फिल्टरच्या एन्व्हलपला अटॅक (चढण्याचा वेळ) ४० मिलिसेकंद, डिके (उतरण्याचा) ६००, सस्टेन (टिकून राहणारी पातळी) ४० टक्के, रिलीज (पट्टी सोडल्यावर विरण्याचा वेळ) ४००. पट्टी दाबताच कटऑफ ३ ते ४ किलोहर्ट्झपर्यंत चढेल इतका त्याचा जोर ठेवा. व्हॉल्यूमचा अटॅक मात्र ३ ते ५ मिलिसेकंद. शून्यावर ठेवलात तर दर सुराला 'टक्' ऐकू येतं. मधल्या सप्तकात कॉर्ड वाजवा: जुना सिंथ ब्रास तयार. दोन्ही अटॅक ६०० मिलिसेकंदांवर नेले की त्याचाच पॅड (हळू उमलणारा, पसरट आवाज) होतो.

आता डगमग. प्रत्येक ऑसिलेटरच्या पिचला वेगळा, संथ, रँडम एलएफओ (हळू हेलकावे देणारी लहर) जोडा: वेग ०.२ हर्ट्झच्या आसपास, खोली २–३ सेंट. आठ सेंटच्या पुढे गेलात की जुनं नव्हे, बेसूर वाटतं. वर स्टीरिओ कोरस (आवाजाची हलती प्रत मिसळून त्याला जाड करणारा इफेक्ट), ०.५ हर्ट्झ. रोलँडच्या जुनो-६० मध्ये दर व्हॉइसला एकच ऑसिलेटर होता, जाडी कोरसमधून यायची. त्यामुळे तो रंग हवा असेल तर दुसरा ऑसिलेटर बंद करा; डिट्यून (ऑसिलेटरमधला सेंटांचा फरक) आणि कोरस दोन्ही जोरात लादले की नुसता गढूळपणा उरतो.

हाच पॅच खाली नेऊन बेस वाजवला की बहुतेकांची फसगत होते. ४४० हर्ट्झच्या सुरावर ७ सेंटचा फरक सेकंदाला सुमारे पावणेदोन ठोके देतो, ते कानाला गोड लागतं. ५५ हर्ट्झवर तोच फरक ०.२२ हर्ट्झ होतो, म्हणजे एक फेरा साडेचार सेकंदांचा. त्या फेऱ्यात दोन्ही लहरी उलट्या आल्या की मूळ सूरच पोकळ होतो. एक नोट दणदणीत, पुढची गायब. कंप्रेसर (आवाजाची चढउतार आवळणारा) लावून हे सुटत नाही. बेसला एकच ऑसिलेटर ठेवा, किंवा दर नोटला फेज रीसेट करा, म्हणजे दोन्ही लहरी पुन्हा एकाच जागेपासून सुरू होतात. खालचा भाग मोनोच (डावीकडे-उजवीकडे सारखाच) बरा.

आधुनिक रूपासाठी डगमग आणि कोरस काढा. एका ऑसिलेटरवर ७ व्हॉइसचं युनिसन (एकाच सुराच्या किंचित सरकवलेल्या ७ प्रती), एकूण डिट्यून २० ते २५ सेंट, स्टीरिओ फैलाव ७० टक्के. कटऑफ १० किलोहर्ट्झच्या वर, आणि १५० हर्ट्झखालचं कापणारा हाय-पास, नाहीतर बेसशी भांडण. मग किकवरून (पायाच्या ड्रमवरून) साइडचेन, म्हणजे किक वाजताच पॅड खाली दबतो: ४ ते ६ डेसिबल दाब, रिलीज १५० मिलिसेकंद. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे पुढच्या किकआधी आवाज पुरता परततो. रिलीज ५००च्या पुढे ढकललीत तर पॅड कधी वर येतच नाही.

एक अडचण संगणकाची. युनिसन दोन्ही ऑसिलेटरवर लावलंत तर ७ व्हॉइस, ४ नोटांची कॉर्ड म्हणजे ५६ लहरी. त्यात लांब रिलीज असली की मागच्या कॉर्डच्याही चालूच. आवाज तडतडला तर ऑडिओ सेटिंगमधला बफर (संगणक एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ वरून ५१२ सॅम्पल करा. लाल दिवा लागत असेल तर ती तडतड वेगळी, क्लिपिंगची (पातळी मर्यादेबाहेर गेल्याची). सिंथचा आउटपुट उतरवून पीक −६ डेसिबलवर आणा.

घंटेसारखा काचेरी आवाज मात्र या वाटेनं जमत नाही. तो एफएमचा (एका लहरीनं दुसरीचा सूर वेगानं हलवण्याचा) प्रांत, यामाहाच्या १९८३च्या डीएक्स७चा. कॅरिअरचं (ऐकू येणाऱ्या लहरीचं) प्रमाण १, मॉड्युलेटरचं (तिला हलवणाऱ्या लहरीचं) ३.५, दोन्ही साइन (साध्या, गुळगुळीत) लहरी. मॉड्युलेटरची पातळी व्हेलॉसिटीला (पट्टी किती जोरात दाबली त्याला) जोडा आणि त्याचा डिके कॅरिअरपेक्षा छोटा ठेवा. लांब राहिला तर घंटेऐवजी पत्रा वाजतो.

दोन्ही जमाने एकाच गाण्यात आणायचे तर स्टीरिओची रुंदी एकालाच द्या. सगळं मिक्स मोनोमध्ये ऐका. पॅड तिथे विरत असेल तर आधी फैलाव ४० टक्क्यांवर आणा, व्हॉल्यूमला नंतर हात लावा.