पावणेतीन तास म्हणजे २.४५ नव्हे! नववी-दहावीच्या गणितात या चुका टाळा

पेपर तपासताना हमखास दिसतं: सूत्र बरोबर, रीत बरोबर, उत्तर मात्र भलतंच. घोळ सूत्रात नसतो, पाचवी-सहावीत 'झालेल्या' दशांश आणि अपूर्णांकांत असतो.

सगळ्यात चिवट चूक वेळेची. ताशी ६० किमी वेगाने गाडी २ तास ४५ मिनिटं धावली, तर अंतर किती? मुलं बिनधास्त ६० × २.४५ करतात आणि १४७ किमी लिहून मोकळी होतात. तासाची १०० मिनिटं असती तर खपलंही असतं. अशा वेळी मी फळ्यावर काही लिहीत नाही, नुसतं विचारते.

"२ तास ४५ मिनिटं म्हणजे किती तास?"
"पावणेतीन."
"म्हणजे तीनला किती कमी?"
"पाव... अरे हो, २.७५!"

उत्तर १६५ किमी. सेमी-इंग्रजीतली मुलं 'पावणे'पाशीच अडखळतात, म्हणून घरी तरी सव्वा, दीड, अडीच कानावर पडू द्या.

०.२५ मोठा की ०.७? 'पॉइंट पंचवीस' आणि 'पॉइंट सात' असं वाचलं की पंचवीस जिंकतो. दोन्हीकडे दशांश स्थळं सारखी करा, ०.२५ आणि ०.७०, वाद संपला. पूर्वी यासाठी रुपये-पैसे कामी यायचे, पण आता पैसे पाहिलेत कुणी? मीटर-सेंटीमीटर घ्या: १ मीटर ५ सेमी म्हणजे १.०५ मीटर, १.५ नाही.

काटाकाटीचा मोहही आवरा. (१२ + ५)/४ मध्ये १२ ला ४ ने उडवून ३ + ५ = ८ लिहिणारे दरवर्षी भेटतात. वर बेरीज असेल तर आधी ती करा: १७/४, म्हणजे सव्वाचार. आणि १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला एवढंच विचारा, अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं उरलं?

राउंड ऑफची घाई तर मार्क खाते. शंकूची त्रिज्या ७ सेमी, उंची ३० सेमी. १/३ चे आधीच ०.३३ केले, तर π = २२/७ घेऊन घनफळ १५२४.६ घसेमी येतं. खरं उत्तर १५४०. ३० ला ३ ने भाग जातोय, तर दशांश कशाला काढायचे? अपूर्णांक शेवटपर्यंत तसाच ठेवा. π सुद्धा गणितात सांगितलाय तोच घ्या, अर्ध्यात ३.१४ वर उडी नको.

राउंड ऑफ करायचंच झालं तर एकदाच, मूळ संख्येवरून. २.४४९ एका दशांश स्थळापर्यंत हवा असेल तर आधी २.४५ आणि मग २.५ असा जिना चढू नका. दुसऱ्या स्थळावरचा अंक बघा. तो ४ आहे, म्हणून २.४.